दुपारी येणाऱ्या बाई

१

डॉक्टरबाईंच्या कामाचं एक होतं, तिथं कुणी बरं होत नसे. अकरा वर्षं त्या मेंदूच्या म्हातारपणावर संशोधन करत होत्या. काहींचा मेंदू नव्वदीतही तल्लख कसा राहतो आणि काहींचा साठीतच का विझायला लागतो, हा त्यांचा प्रश्न. खालच्या मजल्यावर अल्झायमरच्या रुग्णांसाठी दिवसभराचं केंद्र होतं. दहा ते पाच म्हातारी माणसं तिथं बसत, वर्तमानपत्र उलटं धरून वाचत आणि एकमेकांची रोज नव्यानं ओळख करून घेत. वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा होती. खालचं कुणी गेलं आणि घरच्यांनी आधी संमती दिलेली असली, तर त्याचा मेंदू वर येई. बाई त्याचे कागदाहून पातळ काप करत, सूक्ष्मदर्शकाखाली धरून पेशींभोवती साचलेले डाग मोजत. म्हणजे एकेका माणसाला त्या दोनदा भेटत. आधी खाली खुर्चीत, मग वर काचेवर.

दर सहा महिन्यांनी प्रत्येकाची चाचणी होई. पंधरा साधे शब्द वाचून दाखवायचे आणि अर्ध्या तासानं विचारायचं, किती आठवतात? धडधाकट म्हातारा आठ-नऊ सांगतो. आजारी माणूस आधी पाच सांगतो, पुढच्या खेपेला तीन, आणि मग एक दिवस म्हणतो, "कसले शब्द?" सगळ्यांचे आलेख घसरगुंडीसारखे खाली जात. वर जाणारी रेघ बाईंनी अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

त्या सोमवारी टेलरकाकांची पाळी होती. उभा जन्म कोट शिवण्यात गेलेला माणूस. मागच्या खेपेला त्यांनी दोनच शब्द सांगितले होते आणि त्यातला एक चुकीचा. यादी या वेळी नवी होती. बाईंनी ती आठवड्यापूर्वी घरी बसून स्वतः लिहिली, पाकिटात घालून चिकटवली आणि आपल्या खणात कुलपात ठेवली होती.

त्यांनी पाकीट फोडलं, कागद उलगडला. वाचायला तोंड उघडणार, एवढ्यात काका बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवत म्हणू लागले, "साबण. खिडकी. मेंढी. शिडी. तांबं…"

पंधराच्या पंधरा, आणि त्याच क्रमानं.

बाईंनी कागद हळूच पालथा घातला. "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"म्हणजे काय? तुम्हीच तर घोकवून घेतलंत."

"मी? कधी?"

"दुपारी. रोज येता की." काका हे फार मायेनं बोलले. विसराळू माणसाशी बोलावं, तसं.

२

संशय हा बाईंच्या धंद्याचाच भाग होता. आकडे चांगले आले की त्या आधी चूक शोधत, आनंद मागून. या आजारात माणूस सुधारत नाही. सुधारला, तर कुणीतरी लबाडी केली आहे. खणाची किल्ली एकच होती आणि ती त्यांच्या पर्समध्ये होती. पाकिटाचा डिंक त्यांनी भिंगाखाली पाहिला. तो आधी कुणी सोडवलेला नव्हता.

त्या आठवड्यात त्यांनी आणखी सहा जणांची चाचणी घेतली. चौघांचे आकडे नेहमीप्रमाणे घसरले होते. निवृत्त बसचालकानं चौदा शब्द सांगितले, गाणं शिकवणाऱ्या एका बाईंनी पंधरा, आणि तेही यादी वाचण्याआधीच.

"कुणी शिकवलं?" या प्रश्नावर दोघांचं उत्तर एकच. दुपारी तुम्ही.

चाचणीच्या खोलीत एक नोंदवही असे. खोली कुणी, कधी वापरली, एवढंच तिच्यात लिहायचं. बाईंनी ती उघडली. तीन आठवडे, सुट्टीचे दिवस सोडून रोज, तीन दहा ते पावणेचार. पुढं त्यांचं नाव, त्यांची सही. शेवटच्या अक्षराची शेपटी घाईत खाली ओढायची त्यांची खोडसुद्धा हुबेहूब.

त्या वेळेला त्या वर असत. दार लावून, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी, एकट्या.

३

चाचण्यांचं काम पाहणारी बाई आधी शाळेत शिकवत असे, म्हणून केंद्रात सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. पन्नाशीची, सरळ स्वभावाची. खोट्याची तिला इतकी चीड की म्हाताऱ्यांना "मुलगा उद्या येणार" असं समजुतीखातरही सांगत नसे. तरी डॉक्टरबाईंचा पहिला संशय तिच्यावरच गेला. नोंदवहीही तिच्याच ताब्यात असे.

"मास्तरीणबाई, इथं माझी सही कोण करतं?"

मास्तरीणबाईंनी वही पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं. "मॅडम, चेष्टा करताय का?"

"मी कधी चेष्टा करते का?"

"नाही. म्हणून तर विचारलं." तिनं चष्मा काढून पुसला. "तुम्हीच करता की सही. तीन आठवडे झाले. खाली येता, एकेकाला घेऊन बसता. मी चहा आणून देते."

"मी काय म्हणते तेव्हा?"

"ठेवा, म्हणता."

"माझा चेहरा पाहिलात?"

"आता तुमचा चेहरा काय नव्यानं पाहायचा? रोजचाच…" बोलता बोलता ती थांबली. "पाठ दिसते. तुमची खुर्ची दाराकडे पाठ करून असते ना. पांढरा कोट, अंबाडा. आवाज तुमचा."

"आणि चहा?"

"तो तसाच असतो. कप भरलेला, गार. मला वाटायचं, कामाच्या नादात विसरता."

बाईंनी तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. खोटं बोलणारी माणसं त्यांना ओळखता येत. मास्तरीणबाईंच्या नजरेत खोट नव्हती. उलट तिथंच काहीतरी हलत होतं. बाईंबद्दलचाच संशय.

४

घरी नाना होते. बाईंचे वडील. छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासलेली. एखादा ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर घासातला खडा लागावा तसा चेहरा करायचे. चार वर्षांपूर्वी त्यांना हाच आजार झाला आणि गेली दोन वर्षं ते मुलीला ओळखत नव्हते. "बाई, दिवा लावता का जरा?" असं अदबीनं म्हणत. ती अदब बाईंना शिवीपेक्षा जास्त लागे. दिवसा त्यांच्यापाशी सांभाळायला ठेवलेल्या मावशी असत, संध्याकाळी बाई आल्या की त्या घरी जात.

त्या संध्याकाळी नानांना सूप भरवताना बाईंच्या मनात तो विचार आला, आणि एकदा आला तो हलेना. आपणच खाली जात असू तर? आपणच सही करून परत येत असू आणि जिना चढेपर्यंत सगळं पुसलं जात असेल तर? आजार रक्तात आहे, समोरच बसला आहे. आणि "मला काही झालेलं नाही" असं छातीठोकपणे सांगणारी माणसं त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या दर पाच मिनिटांनी लिहू लागल्या. तीन वाजता, काप चौदावा. तीन पाच, काप चौदावाच, डाग सतरा. तीन दहा, काप पंधरावा. तीन दिवस असं केलं. एकही ओळ गाळली नाही. पाच वाजता खाली जाऊन पाहिलं तर नोंदवहीतही ओळ होती. तीन दहा ते पावणेचार.

एकाच वेळेच्या दोन नोंदी, दोन मजल्यांवर. अक्षर दोन्हीकडे त्यांचं.

५

मोठ्या इस्पितळात त्यांचा एक वर्गमित्र मेंदूचा डॉक्टर होता. त्याच्यासमोर बाई रुग्णाच्या खुर्चीत बसल्या. त्यानं शब्द विचारले, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मेंदूचे फोटो काढले. तीन तास गेले.

"तुला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "तुझा मेंदू तुझ्याहून दहा वर्षांनी लहान दिसतोय. नशीबवान आहेस."

"पुन्हा बघ."

"दोनदा पाहिलं."

"एखादा लहानसा झटका असेल. तेवढ्यापुरतं भान जाणं, असं काही?"

तो खुर्चीत मागं रेलला. "इथं माणसं काही निघू नये म्हणून देव पाण्यात घालून बसतात. तू पहिलीच, जिला काहीतरी निघायला हवंय."

आजार निघाला असता तर त्याला नाव होतं. आजार काय काय करतो, याची बाईंना इत्थंभूत माहिती होती. आता हातात नावच उरलं नव्हतं.

त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि सरळ विचारलं, "कॅमेरा नाही का तुमच्याकडे?"

केंद्राच्या खालच्या बोळात होता. पहारेकरी आठवड्याचं चित्रण साठवून ठेवत असे. बाईंनी त्याच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच आदल्या दिवशीचं तीन वाजल्यापासूनचं चित्रण लावायला सांगितलं.

तीन नऊला काठी टेकत टेलरकाका आले. चाचणीच्या खोलीचं दार त्यांनी उघडलं, पण लगेच आत गेले नाहीत. दार हातानं धरून ते बाजूला सरले आणि किंचित वाकले. मागून कुणीतरी येत असेल तर आपण थांबतो, तसे. एक माणूस आत जाईल, एवढा वेळ ते थांबले. मग आत गेले. दार लागलं.

बोळात दुसरं कुणीच नव्हतं.

तीन वीसला मास्तरीणबाई दोन कप घेऊन आली, आत गेली, हसत बाहेर आली.

"मॅडम, यात काय शोधायचंय?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "बंद करा."

त्या दिवशी त्यांनी खोलीला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली.

६

दोन दिवसांनी टेलरकाकांच्या पत्नी आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, आवाज करडा. खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत.

"उद्यापासून यांना पाठवणार नाही."

"काकू, ते सुधारताहेत," बाई म्हणाल्या. आपल्याच आवाजातला पोकळपणा त्यांना ऐकू आला.

"सुधारताहेत म्हणूनच." काकूंनी पिशवी छातीशी धरली होती. "डॉक्टर, तुम्ही दुपारी यांना नेमकं काय करता?"

"मी काहीच करत नाही."

"असं कसं? तुमच्याकडे बसायला लागले आणि मग हे सुरू झालं. सकाळी पलंगावर बसून बोलतात. बोलतात आणि थांबतात, मग मान डोलावतात. मी स्वयंपाकघरात होते, मला वाटलं माझ्याशीच बोलताहेत. मी म्हटलं, काय म्हणालात? तर म्हणाले, तुम्हाला नाही."

"भास होतात या आजारात."

"मीही तेच म्हटलं. पण त्यांना सगळं आठवायला लागलंय. पहिल्या दुकानाच्या पाटीचा रंग आठवतो. लग्नात माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता, तो आठवतो. बायको आठवते." काकूंचा आवाज पहिल्यांदाच हलला. "फक्त ती मी नाही."

बाईंनी पाण्याचा पेला पुढं केला. काकूंनी घेतला नाही.

"काल मी धीर करून विचारलं, अहो, बायको कुठं आहे तुमची? तर ओठांवर बोट ठेवून म्हणाले, आत निजलीय, हळू बोला. आणि डॉक्टर, मी गेले आत. पलंगावर हात ठेवून पाहिला."

"मग?"

"गादी ऊबदार होती," काकू त्यांच्याकडे रोखून पाहत म्हणाल्या. त्या नजरेत राग होता, आणि रागाखाली त्याहून वाईट काहीतरी. मग त्या वळल्या आणि गेल्या.

७

त्याच संध्याकाळी नानांनी वर्तमानपत्रातल्या एका चुकीच्या शब्दावर पेन्सिलीनं खूण केली. काट मारून समासात दुरुस्ती, छापखान्यात करायचे तशी. दोन वर्षांत त्यांनी पेन्सिल धरली नव्हती. बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ते गालावर येण्याआधीच त्या सावध झाल्या.

"मावशी, हे कधीपासून?"

"दोन-तीन दिवस झाले," मावशी घरी निघण्याच्या तयारीत होत्या. "तुमचाच गुण आहे, ताई. दुपारची येऊन बसता ना त्यांच्यापाशी. मी तर सगळ्यांना सांगते, लेक असावी तर अशी."

"मी येते तेव्हा दार कोण उघडतं?"

"मी डुलकी काढते तेव्हा जरा. जाग येते तेव्हा तुम्ही आत असताच. किल्ली आहे ना तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला बाई घरी आल्या. किल्ली हलक्या हातानं फिरवली. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी कुणीतरी गाद्या झोडत होतं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात होत्या, हातात चहाचं भांडं. बाईंना पाहून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही आत्ता तर…" आणि त्यांची मान नानांच्या खोलीकडे वळली.

दार लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं.

आपला आवाज बाहेरून कसा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. बाईंना होतं. चाचण्यांची ध्वनिमुद्रणं त्या अकरा वर्षं ऐकत होत्या. त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही.

"आणि मग छापखान्याच्या मागच्या गल्लीत काय सापडलं आपल्याला?" तो आवाज विचारत होता.

"मांजरीची पिल्लं!" नाना हसले. खळखळून, पोटातून. "तू खिशात घालून आणलंस एक, ठकू. तुझी आई काय ओरडली होती."

ठकू. लहानपणापासूनचं आपलं हे नाव बाईंनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि पिल्लाची ती गोष्ट खरी होती.

"ठकू, एक विचारू का?" नानांनी आवाज खाली आणला. "ती संध्याकाळी येते ती बाई कोण गं? तुझ्यासारखाच कोट घालते. मला नाही आवडत."

मग तो आवाज, अगदी समजुतीचा. "कामाला आहे, नाना. वाईट नाही हो. तिला काही बोलू नका."

बाईंनी दार ढकललं.

खिडकीपाशी नाना होते. समोरची खुर्ची रिकामी. नानांचा हात त्या खुर्चीच्या हातावर, तळवा वर. बाईंची नजर तिथंच खिळली. तळव्यावर चार पांढरे ठसे होते, बोटांनी घट्ट धरल्यावर रक्त हटतं तसे. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांत हळूहळू लाली भरली, एकेका ठशात, आणि हात पुन्हा एकसारखा झाला.

नानांनी वर पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू मावळायला वेळ लागला नाही.

"मुलगी आली आहे माझी," ते अदबीनं म्हणाले. "आपण जरा नंतर येता का?"

८

मावशींनी दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. कारण दिलं नाही, बाईंनीही विचारलं नाही. बाई रजा टाकून घरी राहिल्या, नानांच्या खोलीतून हलल्या नाहीत. दुपारीसुद्धा त्या समोरच्या खुर्चीतच बसून असत.

दोन दिवसांत नाना वाळल्या पानासारखे झाले. घास तोंडात धरून ठेवत, गिळत नसत. पेन्सिल हातात दिली तर ती काय आहे ते त्यांना कळेना. दाराकडे पाहत बसत. तिसऱ्या दिवशी बाईंनी छापखान्याच्या मागच्या गल्लीची गोष्ट सांगायला घेतली, पिल्लाची. अगदी त्याच शब्दांत. नानांनी ती ऐकली, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती आली.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "तिला कुठं ठेवलंय तुम्ही?"

चौथ्या दिवशी सकाळी बाईंनी कोट चढवला आणि कामावर गेल्या. वडिलांना एकटं ठेवून मुलगी जाते, हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी आल्या तेव्हा नानांनी जेवण केलेलं होतं, नखं कापलेली होती, ताट घासून पालथं घातलेलं. नाना गुणगुणत होते. बाईंना पाहून थांबले.

असे तीन आठवडे गेले. केंद्रातली खोली कुलपातच राहिली. त्या तीन रुग्णांचे आकडे बाईंनी अहवालातून वगळले आणि कारणाच्या रकान्यात "विश्वासार्ह नाही" असं लिहिलं. मास्तरीणबाई आता त्यांच्याशी बोलताना एक पाऊल मागं उभी राही. रोज तीन वाजले की बाईंचा हात सूक्ष्मदर्शकावर थबके. आत्ता ते हसत असतील, असं मनात येई. मत्सर म्हणजे काय, हे त्यांना छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं. आणि तो कुणाचा करायचा, ते मात्र कळत नव्हतं.

त्यातच एका सोमवारी त्या साडेपाचला घरी पोचल्या. जिन्यात उजेड होता. किल्ली फिरली, दार बोटभर उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली होती.

नानांना साखळी लावता येत नव्हती. गेल्या दोन वर्षांत शर्टाचं बटणसुद्धा त्यांना लावता आलेलं नव्हतं.

फटीतून बोळाचा तुकडा दिसत होता, आणि खुंटीवर एक पांढरा कोट. बाईंचा कोट त्यांच्या अंगावर होता.

"कोण आहे?" आतून नानांनी विचारलं. आवाज ठणठणीत होता.

बाईंनी उत्तर द्यायला श्वास घेतला. तेवढ्यात नानांच्या जवळून, खालच्या पट्टीत, कुणीतरी म्हणालं, "बसा तुम्ही, नाना. मी बघते."

मग पावलं. डावा पाय बाईंसारखाच किंचित जड टाकत, घाई नसलेली, दाराच्या दिशेनं.

जिना मागं मोकळा होता. खाली रस्त्यावर माणसं होती, उजेड होता. बाई हलल्या नाहीत. पावलं दारापाशी येऊन थांबली आणि आतून दार अलगद मिटलं. साखळी काढायला दार आधी मिटावं लागतं.